मिटल्या डोळ्यांची पाच मिनिटं

१

चौथी वाइन झाली, तिच्या जोडीचे भाजलेले अळंबे खाऊन झाले, पाचवीच्या बाटल्या टेबलावर येऊन बसल्या, तरी दाजींचा पत्ता नव्हता.

पाचवी वाइन म्हणजे त्या दिवसाची नवरी. तिचं तोंड पाहायला तीस पाहुणे लांबलांबून जेवायला आले होते. ती ज्यांनी घडवली ते तळघराचे प्रमुख म्हणजे दाजी, आणि पहिली बाटली त्यांनीच उघडायची असं ठरलं होतं. मालकांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि मग वाढणाऱ्या बाईंना खाली बघून यायला सांगितलं. बाई गेल्या आणि लगेच परत आल्या. दारात उभ्या राहून त्या नुसत्या हात हलवू लागल्या, तेव्हा मामा खुर्ची मागे सारून उठले.

मामा पोलीस खात्यात बत्तीस वर्षं घासून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. दाजी त्यांच्या बहिणीचे यजमान. बहीण जाऊन नऊ वर्षं झाली, पण नातं तुटलं नव्हतं. मामांना वाइनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. द्राक्षं सरळ खायची सोडून एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, असं ते दाजींना तोंडावर म्हणत, आणि दाजी हसत. "एकदा येऊन बघा तरी," असं गेली कित्येक वर्षं चाललं होतं. शेवटी या वर्षी आले, ते हे बघायला.

तळघराच्या जमिनीत स्टीलचे सहा हौद गाडलेले होते. त्यांत काळ्या द्राक्षांचा रस सालींसकट आंबत होता. चौथ्या हौदावरची फळी जागच्या जागी होती. खाली सालींच्या जाड थरावर दाजी पालथे पडले होते आणि साली दाबायचा लांब दांडा त्यांच्या उजव्या हातात होता. मामा वाकणार एवढ्यात मालकांनी त्यांची कॉलर धरून मागे ओढलं.

"वाकू नका मामा. आत हवा नाही, नुसता आंबण्याचा वायू आहे. दोन श्वासांत तुम्हीही जाल."

दोर, आकडे आणि चार माणसं लागली. वर काढले तेव्हा दाजींच्या चेहऱ्यावर लाल रस होता आणि डोळे उघडे होते. मामांनी ते मिटले. बहिणीचे मिटले होते तेव्हा दाजी शेजारी उभे होते. आता शेजारी कोणी नव्हतं.

तासाभरात फौजदार आले. तरुण, चुणचुणीत, कामाला वाघ. पाहुण्यांना जागेवरून हलायचं नाही असं बजावून ते स्वयंपाकघराच्या बोळात गेले. तिथे सगळ्या पंख्यांची बटणं होती आणि शेजारी एक खिळा होता. घरचा नियम सोपा होता. तळघरात उतरण्याआधी आपला पत्र्याचा बिल्ला त्या खिळ्याला लावायचा, आणि खिळ्याला बिल्ला असेपर्यंत तळघरातला वायू ओढणारा पंखा कोणीही बंद करायचा नाही. नियम दाजींनीच घातला होता.

खिळ्याला दाजींचा बिल्ला होता.

"चौथ्या वाइनच्या वेळी पंखा बंद होता म्हणे," फौजदारांनी विचारलं. "कोणी केला?"

भिंतीला टेकलेली एक मुलगी पुढे आली. सव्वीस वर्षांची, दाजींची एकुलती एक, मामांची भाची ठकू.

"मी केला," ती म्हणाली.

२

पंखा बंद करायचा तो त्या घराच्या एका रिवाजापायी. जेवणातली चौथी वाइन सगळ्यांत जुनी. ती ओतली की पडदे ओढायचे, दिवे मंद करायचे, सगळे पंखे थांबवायचे आणि पाच मिनिटं डोळे मिटून नुसता वास घ्यायचा. वाऱ्याने वास उडतो, आणि तळघरातल्या पंख्याची घरघर थेट जमिनीतून वर येते, म्हणून तोही बंद. मालक या पाच मिनिटांबद्दल देवळाबद्दल बोलावं तसे बोलत. मामांना तो सगळा प्रकार श्रीमंतांचे चोचले वाटला होता.

"संध्याकाळी मुलीला घेऊन जावं लागेल," फौजदारांनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं. "पंखा बंद झाला, वायू वर चढला, त्यांना घेरी आली आणि ते पडले. बिल्ला समोर असताना तिने बटण दाबलं. निष्काळजीपणाने मृत्यू. साहेब, तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं?"

"हेच केलं असतं," मामा म्हणाले. ते खरंच होतं. "पण संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

ठकू कोठीघरात रिकाम्या खोक्यावर बसली होती. रडत नव्हती. मामांना त्याचीच जास्त भीती वाटली.

"खिळा रिकामा होता, मामा. मी बघितलं होतं."

"नक्की?"

"नक्की." मग ती थांबली. "म्हणजे मी रोज बघते. हात बटणावर जायच्या आधी नजर खिळ्यावर जातेच. पण आज इतकी घाई होती. मालकांनी दोनदा हाक मारली होती. मामा, रोजचं बघणं मी आजचं म्हणून तर सांगत नाहीये ना? सगळे म्हणतात बिल्ला होता. मीच बाबांना मारलं का?"

मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. खटला, वकील, तारखा यातून माणूस आज ना उद्या सुटतो. पण या एका प्रश्नातून ही पोर सुटली नाही तर जन्मभर त्याच खिळ्यासमोर उभी राहील, हे त्यांना लख्ख दिसलं.

"चल, दाखव मला तो बिल्ला."

बोळात आल्यावर ठकू खिळ्यासमोर थबकली. बराच वेळ नुसती बघत राहिली.

"हा बाबांनी लावलेला नाही," ती हळू म्हणाली. "पंख्याने ही भिंत थरथरते, बिल्ला वाजत राहतो. त्याचा बाबांना वैताग यायचा. म्हणून ते दोरीला दोन पीळ देऊन अडकवायचे. कायम. हा नुसताच टांगलाय."

फौजदारांनी खांदे उडवले. "घाईत राहिलं असेल."

"ते तीस वर्षांत कधी घाईत नव्हते," मामा म्हणाले. त्यांनी भाचीकडे वळून विचारलं, "आज सकाळपासून तुझे बाबा कसे होते?"

"गप्प होते. सकाळी नाकसाहेब लवकर आले होते, ते मोठे समीक्षक. बाबांनी त्यांना दोन पेले दिले. दोन्हींत एकाच पिंपातली वाइन होती, मीच भरली होती. गंमत म्हणून असेल असं मला वाटलं. नाकसाहेबांनी एकीत जांभूळ सांगितलं, दुसरीत लवंग. बाबा हसले नाहीत. मला म्हणाले, तू बाहेर जा."

३

मामांनी आधी मालकांना गाठलं. मालक दिवाणखान्यात डोकं धरून बसले होते. दुःख होतं, पण त्यात घराण्याच्या नावाचीही काळजी मिसळलेली होती.

"पाच मिनिटांत वायू फळीपर्यंत चढतो का?" मामांनी विचारलं.

"छे. अर्धा तास तरी लागेल. पंखा फक्त जमिनीलगतचा वायू ओढतो." बोलता बोलता मालकांनी डोकं वर केलं. "हौदाच्या आत मात्र तो कायम असतो. पंखा चालू असो नाहीतर बंद."

"म्हणजे फळीवर उभ्या माणसाला घेरी यायचं कारण नाही."

"नाही. पण मग ते पडले कसे?"

मामांनी दुसरंच विचारलं. "तिसऱ्या आणि चौथ्या वाइनच्या मध्ये सुट्टी झाली. तेव्हा बोळात कोण कोण गेलं?"

तिथे स्वयंपाकीणबाईंचं राज्य होतं. त्यांच्या नजरेतून मुंगी सुटली नसती. तिघं आले होते, त्या म्हणाल्या. मालक वाढण्याची घाई करायला, पाहुण्यांतल्या हॉटेलवाल्या बाई फोनवर बोलायला, आणि नाकसाहेब हात धुवायला. "बटणांपाशी कोण थांबलं ते नाही बघितलं. माझे अळंबे करपत होते."

मामांनी विचार केला. सुट्टीत कोणीतरी बिल्ला काढून खिशात टाकला. ठकूला खिळा रिकामा दिसला, तिने पंखा थांबवला. त्या पाच मिनिटांत तोच माणूस मागच्या पडवीतून तळघरात उतरला. नंतर ठकू वाढायला गेल्यावर त्याने बिल्ला परत टांगला, तो एकेरी. अपघात दिसावा आणि दोष पोरीवर जावा, इतकी साधी युक्ती. तीस माणसं हॉलमध्ये होती, पण सगळ्यांचे डोळे मिटलेले. सगळ्यांदेखत उठून जावं आणि कोणी पाहू नये, अशी संधी दुसरीकडे कुठे मिळणार?

डोळे मिटले की साक्ष उरते ती कानांची. तिघंही मामांच्याच टेबलावर होते. मालक मामांच्या डाव्या हाताला बसून मधूनमधून कुजबुजत होते, "सावकाश, श्वास सोडा, परत घ्या." ते पाचही मिनिटं तिथेच होते.

हॉटेलवाल्या बाई समोर होत्या. मामांनी त्यांना विचारलं तेव्हा त्या जरा तोऱ्यातच म्हणाल्या, "मी कशी उठेन? ओरडले ती मीच ना."

ते मामांना चांगलं आठवत होतं. डोळे मिटून अर्धं मिनिट झालं असेल, बाईंनी नाकातून नापसंतीचा आवाज काढला होता. "ही बाटली गेलेली आहे. बुचाचा वास लागलाय, ओल्या पोत्यासारखा. बदला सगळ्यांचे." मग वाढणाऱ्या बाई चवड्यांवर आल्या. मामांच्या बोटांतून पेला गेला, दुसरा आला. मामांना दोन्हींत काडीचा फरक कळला नव्हता, आणि आपण अडाणी ठरू म्हणून ते मुकाट बसले होते.

"तुम्ही टेबलावरचे सगळे पेले बदललेत?" मामांनी वाढणाऱ्या बाईंना विचारलं.

"सहाच्या सहा."

"नाकसाहेब होते जागेवर?"

बाई गोंधळल्या. "त्यांची खुर्ची खांबाआड असते. त्यांना तीच लागते, कोणी बघत बसू नये म्हणून. मी हात लांब करून जुना उचलला, नवा ठेवला. अंधारात मी पेले मोजते साहेब, माणसं नाही."

तिघांपैकी दोघांचे आवाज मामांच्या कानांत होते. तिसरा अवाक्षर बोलला नव्हता. पण गप्प बसणं हा काही गुन्हा नव्हे, उलट त्या पाच मिनिटांचा तोच नियम. फौजदार तेवढंच म्हणाले आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजत आले होते.

"त्यांची टिपणवही मागवा," मामा म्हणाले.

४

नाकसाहेब हॉलमध्येच होते. उंच, रुबाबदार, पांढरी दाढी कातरलेली. त्यांच्या दोन ओळींनी एखादी वाइन चालते नाहीतर पडते, असं लोक सांगत. त्यांनी वही निःशंकपणे पुढे केली. चौथ्या वाइनपुढे सुंदर अक्षरात लिहिलं होतं: पिकलेली चेरी, दालचिनी, शेवटी पावसात भिजलेल्या लाकडाचा मंद गंध. दहापैकी नऊ.

मालक, हॉटेलवाल्या बाई, ठकू, सगळे आजूबाजूला उभे होते. मामांनी वही मिटली आणि मांडीवर ठेवली.

"साहेब, मी अडाणी माणूस. पण आपल्या टेबलावर चौथी वाइन ओतली ती बुचाने खराब झालेली होती. ओल्या पोत्याचा वास. आणि तुम्ही लिहिलंय चेरी. हे आधी घरी लिहून आणलं होतं का? तुम्ही त्या पाच मिनिटांत खुर्चीवर नव्हता का?"

हॉलमध्ये कोणी हललं नाही. नाकसाहेबांनी हॉटेलवाल्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. वाइन खराब होती, हे खरंच होतं.

मग नाकसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला आणि जे बोलले, त्याने फौजदारसुद्धा चपापले.

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणात नाक गेलं. कांदा समोर धरला तरी कळत नाही. तेव्हापासून आधीची टिपणं, माहितीपत्रकं, इतरांचे चेहरे यांवर भागवतो. घरी बायकोलाही माहीत नाही. हे असं चारचौघांत सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, पण खुनापेक्षा बेअब्रू परवडली. मी खुर्चीवरच होतो."

मामांनाही क्षणभर त्या माणसाची कीव आली.

"म्हणजे ती वाइन तुमच्यासमोर होती, फक्त तुम्हाला कळली नाही."

"नाही कळली. पेला पाचही मिनिटं माझ्या हातात होता. एक घोटही घेतला. पाणी प्यावं तसा."

"तोच पेला? पोत्याच्या वासाचा?"

"तोच. दुसरा कुठून येणार?"

मामांनी फौजदारांकडे पाहिलं. मग नाकसाहेबांकडे वळून अगदी सावकाश म्हणाले, "साहेब, तो पेला अर्ध्या मिनिटातच गेला. या बाई मोठ्याने म्हणाल्या, बाटली गेलेली आहे, सगळ्यांचे बदला. सहाही पेले उचलले, काचा किणकिणल्या, नवी बाटली ओतली. माझ्या तर बोटांतून काढून घेतला. नाक नसलेल्या माणसाला वास कळणार नाही, हे मान्य. पण कान शाबूत आहेत ना तुमचे? तुम्ही तिथे असतात तर एवढं तरी तुम्हाला माहीत असतं."

नाकसाहेबांनी खांबाआडच्या आपल्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्या पाठीवर त्यांचा कोट अजून तसाच होता. फौजदारांनी तो उचलून खिसे उलटे केले. उजव्या खिशाच्या अस्तराला लाल रस लागलेला होता, द्राक्षाच्या सालीचा एक तुकडा चिकटला होता, आणि पाहुण्यांना तर कोणी तळघर दाखवलंच नव्हतं. दाजींच्या बिल्ल्याला हंगामभर तोच रस लागलेला असे.

५

त्यानंतर नाकसाहेब फारसे अडले नाहीत. नाकाचं गुपित तर त्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं, लपवायला आता उरलं काय?

"त्यांनी सकाळी ओळखलं," ते म्हणाले. "आवाज चढवला नाही. म्हणाले, माझ्या वाइनला खोटे गुण नकोत. पाचवी यायच्या आत तुम्ही स्वतः उठून पाहुण्यांना सांगा. नाहीतर बाटली उघडताना मी सांगेन. मी हातापाया पडलो. ते म्हणाले, माझ्या मुलीने वर्षभर माझ्याबरोबर राबून ही केलीय, तिला खरं मत मिळालं पाहिजे."

मामा ठकूजवळ जाऊन उभे राहिले.

"पंखा थांबला तसे ते वर यायला निघाले होते. कोणी थांबवला म्हणून चिडले होते. ते फळीवर असतानाच मी ढकललं."

"ओरडले नाहीत?" फौजदारांनी लिहिता लिहिता विचारलं.

"ओरडायचं तर श्वास घ्यावा लागतो. त्यांना ते माहीत होतं. त्यांनी श्वास रोखून धरला आणि हातातल्या दांड्याने हौदाच्या कडेवर ठोकायला लागले. सात-आठ वेळा ठोकलं. पंखा बंद होता, वर नक्की ऐकू जात होतं. मी पायरीवर उभा राहिलो. मला वाटलं, आता कोणीतरी येणार आणि आपण संपलो."

"मग?"

"कोणी आलं नाही."

फौजदारांचं पेन थांबलं. हॉटेलवाल्या बाईंनी तोंडावर हात नेला. "मला वाटलं स्वयंपाकघरात काहीतरी..." मालक एवढंच म्हणाले. वाढणाऱ्या बाई जमिनीकडे बघत होत्या. सगळे बघत होते, जणू अजून तिथून आवाज येत होता.

नाकसाहेबांना घेऊन गेले. फौजदारांनी ठकूसमोर येऊन सांगितलं की तिच्यावर कसलाही ठपका नाही, खिळा रिकामा होता, तिने नियम मोडला नाही. ते मनापासून बोलले. तिने मान हलवली.

पाहुण्यांच्या गाड्या एकेक करून निघून गेल्या. पडदे पुन्हा उघडले होते आणि टेबलांवर पाचवीच्या बाटल्या बुचासकट उभ्या होत्या. ठकू एका खुर्चीत बसली. मामा शेजारच्या.

"खिळ्याचं खरं होतं माझं," ती म्हणाली.

"खरं होतं, बाळ. तू काही केलं नाहीस."

"ठोकलेलं मी ऐकलं होतं, मामा. बोळात उभी होते. पाच मिनिटं व्हायला अजून वेळ होता. मध्येच कोणी हललं तर मालक चिडतात, म्हणून गेले नाही." ती त्यांच्याकडे वळली. "तुम्हाला ऐकू आलं होतं?"

मामांना खोटं बोलता आलं असतं. वय झालं, कान गेले, असं काहीही. पोरीने विश्वास ठेवला असता.

"आलं होतं," ते म्हणाले.

"तुम्ही तर पोलिसातले. मग तुम्ही का नाही उठलात?"

बत्तीस वर्षं हा प्रश्न मामांनी विचारला होता. रस्त्यावरच्या, चाळीतल्या, बाजारातल्या साक्षीदारांना, टेबलावर हात आपटून विचारला होता. जे उत्तर यायचं त्याची त्यांना चीड यायची. आज तोंडात दुसरं उत्तर येईना.

"सगळे बसले होते," मामा म्हणाले.